माळवदाखालची रात्र : मराठवाड्यातील घर आणि रात्री घर सोडण्याची तयारी

१

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमेवरील प्रदेश भूकंपाने हादरला. आदल्या रात्री गणेशविसर्जन आटोपून गावे उशिरा झोपी गेली होती. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, पेठ सांगवी, राजेगाव, एकोंडी, तळणी ही नावे दुसऱ्या दिवशी सकाळी साऱ्या देशाला ठाऊक झाली. भूकंपाचे परिमाण सहाच्या थोडेच वर होते. जगाच्या इतिहासात याहून पुष्कळ मोठे भूकंप झाले आहेत व त्यांपैकी कित्येकांत याहून पुष्कळ कमी माणसे दगावली आहेत. तथापि या भूकंपात सुमारे ८,००० माणसे मृत्यू पावली. त्यांतील फार मोठा भाग आपल्या स्वतःच्या घरात, आपल्या स्वतःच्या अंथरुणावर, आपल्याच भिंतींखाली व छपराखाली दबून गेला.

या घटनेचा विचार करताना एक प्रश्न तेव्हापासून वारंवार विचारला गेला आहे. किल्लारीच्या परिसराला इशारा मिळाला नव्हता असे म्हणता येत नाही. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत तेथे शंभराहून अधिक लहानमोठे धक्के जाणवले होते. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का तर चांगलाच मोठा होता. त्या काळात लोक भयभीत होऊन घराबाहेर निजत असत. मग वर्षभरानंतर ते पुन्हा घरात का निजले? ज्यांना भय ठाऊक होते त्यांनी तयारी का ठेवली नाही? प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात पुष्कळदा उत्तरही तयार असते. ते असे, की ग्रामीण माणूस गाफील, दैववादी आणि विसराळू आहे.

प्रस्तुत लेखात या उत्तराची परीक्षा करावयाची आहे. मराठवाड्यातील माणसाला रात्री-अपरात्री घर सोडून जाण्याची तयारी कशी ठेवावी हे शतकानुशतके चांगले अवगत होते, हे प्रथम दाखवावयाचे आहे. ज्या संकटासाठी ती तयारी होती त्याच संकटाने त्याच्या घराला आकार दिला व तोच आकार दुसऱ्या संकटाच्या वेळी त्याच्या जिवावर उठला, असे येथील प्रतिपादन आहे.

२

मध्ययुगीन व उत्तर-मध्ययुगीन दख्खनमध्ये रात्रीचे प्रमुख भय माणसाचेच होते. फौजांच्या हालचाली, पेंढाऱ्यांच्या धाडी, दरोडे आणि वसुलीसाठी येणारी हत्यारबंद माणसे यांच्या सावटाखाली गावे नांदत होती. निजामशाही, आदिलशाही, मोगल, मराठे व आसफजाही निजाम या सत्तांच्या चढाओढीत औसा, नळदुर्ग, परांडा या किल्ल्यांच्या आसपासचा मुलूख कितीदा तरी तुडवला गेला. अशा प्रदेशात गाव टिकून राहावयाचे तर त्याला दोन गोष्टी साधाव्या लागत. संकट लहान असेल तर दारे लावून आत राहणे आणि संकट मोठे असेल तर वेळीच उठून जाणे.

दुसऱ्या गोष्टीसंबंधी आपल्या जुन्या कागदपत्रांत विपुल उल्लेख सापडतात. गाव ‘परागंदा’ झाला, रयत ‘पळोन गेली’, मुलूख ‘बेचिराख’ झाला, हे शब्द तत्कालीन पत्रव्यवहारात इतक्या सहजतेने येतात की गाव उठणे ही एक परिचित सामाजिक क्रिया होती, याविषयी शंका उरत नाही. तिच्या जोडीला तितकीच परिचित अशी दुसरी क्रिया होती. संकट टळल्यावर सरकार रयतेला कौल देई. सारा काही वर्षांपुरता कमी करून किंवा क्रमाक्रमाने वाढवीत नेण्याचे आश्वासन देऊन पळालेल्या कुणब्यांना परत बोलावले जाई. गाव उठणे आणि कौल घेऊन गाव पुन्हा वसणे ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे होती. दक्षिणेकडे कर्नाटकातही अशीच रीत होती. शत्रूची चाहूल लागताच सारे गाव जमेल तेवढे सामानसुमान घेऊन रानावनाकडे अथवा किल्ल्याकडे निघून जाई. विल्क्स या इंग्रज इतिहासकाराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी म्हैसूरच्या इतिहासात या रीतीची नोंद करून तिला देशी शब्दच वापरला आहे.

अशी तयारी म्हणजे केवळ मनाची सावधगिरी नव्हती. तिची साधने गावात व घरात ठिकठिकाणी रचून ठेवलेली असत. धान्य हे कुणब्याचे मुख्य धन. पण ते घेऊन पळता येत नाही. म्हणून ते जमिनीखाली पेवात साठवले जाई. पेवाचे तोंड बुजवून वर माती पसरली की ते अनोळखी माणसाला सहसा सापडत नसे व मालक परत आल्यावर ते त्याला मिळे. सोनेनाणे एक तर अंगावर, नाही तर भुईत पुरलेले. गुरे ही चालती संपत्ती. ती पुढे हाकलावयाची. गावाला गावकुसू व वेस असे. कित्येक गावांत पाटील-देशमुखांची गढी असे. वेस रात्री लावून घेतली जाई. वेसकर, जागल्या, रामोशी यांच्याकडे रात्रीची राखण असे. संकटाची वर्दी देणारा माणूस, ती ऐकून जागे होणारे गाव, बाहेर पडण्याची वाट आणि जाऊन पोहोचण्याचे ठिकाण या चारही गोष्टी ठरलेल्या असत. यांपैकी एक जरी नसली तरी उरलेल्या तिन्ही निरुपयोगी ठरत.

या व्यवस्थेचे गुणगान करण्याचा हेतू येथे नाही. तिच्यात मोठा अन्याय होता, हे स्पष्टपणे नमूद करणे अवश्य आहे. गावाची वेस राखण्याचे काम परंपरेने ज्या महार वतनदारांकडे असे, त्यांची वस्ती वेशीच्या बाहेर होती. जो इतरांना जागे करी त्याच्या स्वतःच्या घराला कुसवाचा आडोसा नव्हता. ही गोष्ट पुढील विवेचनात पुन्हा येणार आहे.

३

आता दुसऱ्या अंगाकडे, म्हणजे दारे लावून आत राहण्याकडे वळू. मराठवाड्यातील जुने घर याच गरजेतून घडले आहे. भिंती दगड व मातीच्या, दोन-अडीच फुटांपासून चार फुटांपर्यंत आणि कोठे कोठे त्याहूनही जाड. बाहेरच्या बाजूला खिडक्या जवळजवळ नाहीत. असल्याच तर उंचावर लहानसे झरोके. रस्त्याकडे एकच भक्कम दार, त्याला आतून अडसर. आत चौक, ओसरी, माजघर, आणि अगदी आत, जेथे प्रकाशही बेताचाच पोहोचतो, तेथे धान्याची बळदे. घरे एकमेकांना लागून व मधले बोळ अरुंद. दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे हटावे लागावे, असे. अशा गावात शिरणाऱ्या दरोडेखोराला प्रत्येक वळणावर अडथळा होता. उन्हाळ्याच्या झळांपासूनही या जाड भिंतींनी उत्तम संरक्षण दिले. पाऊस बेताचा असल्याने उतरत्या छपराची गरज नव्हती. सपाट धाब्याचे, म्हणजे माळवदाचे, छप्पर पुरेसे होते.

माळवदाची रचना थोडी तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे व फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. सर्वांत वर पांढऱ्या मातीचा लेप देत. ही माती पाणी चटकन आत शिरू देत नाही, हा तिचा गुण. पावसाळ्यापूर्वी या छपराची डागडुजी केली जाई. म्हणजे ठिकठिकाणी नवी माती पसरून ती धोपटली जाई. जुनी माती काढून टाकण्याचे कारण नसे, आणि तितकी सवडही नसे. परिणामी छप्पर पिढ्यानपिढ्या जाड होत गेले. बापाने घातलेल्या थरावर मुलाचा थर व त्यावर नातवाचा. काही घरांवर हा थर दीड-दोन फुटांहूनही जाड झालेला आढळला आहे. घराची काळजी वाहणाऱ्या कुटुंबाच्या डोक्यावरचा भार दर वर्षी त्या काळजीमुळेच वाढत होता. गळके, दुर्लक्षित घर त्या मानाने हलके राहिले.

येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाचा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. ज्या घरांत छपराचा भार लाकडी खांबांच्या चौकटीवर, ज्याला तिकडे ‘खण’ म्हणतात त्यावर, नीट तोललेला होता, तेथे भूकंपानंतर भिंती कोसळूनही छपरासह चौकट कित्येक ठिकाणी उभी राहिलेली दिसली. जेथे तो भार मातीच्या सांध्याच्या भिंतीवरच टाकलेला होता तेथे भिंत फुटताच सर्व काही खाली आले. जुन्या सुतारांच्या कामात हे शहाणपण होते. परंतु ते भूकंपासाठी म्हणून जपलेले नव्हते. त्यामुळे ते सर्वत्र पाळले गेले नाही, आणि पाळले न गेल्याचे कोणाला वैषम्यही वाटले नाही.

या घराचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर ते बाहेरून आत येणाऱ्यासाठी कठीण केलेले घर होते. जे घर आत येण्यास कठीण ते बाहेर पडण्यासही कठीण असते. ज्या काळी संकट बाहेरून, पायी अथवा घोड्यावर येत होते त्या काळी ही अडचण अडचण वाटली नाही. वर्दी आधी येत असे व दार उघडावयास अवधी मिळत असे.

४

रात्री गाव सोडण्याची ही जुनी रीत या प्रदेशाने शेवटची मोठ्या प्रमाणावर अनुभवली ती १९४७-४८ मध्ये. हैदराबाद संस्थान भारतात विलीन होण्यास नकार देत असताना कासिम रझवीच्या नेतृत्वाखालील रझाकारांनी संस्थानातील मराठी, कानडी व तेलुगू मुलखांत जुलूम मांडला. उस्मानाबाद जिल्हा मुंबई प्रांताच्या सोलापूर जिल्ह्याला लागून असल्याने सीमेवरच्या अनेक गावांतील कुटुंबांनी सोलापूर व बार्शीच्या बाजूला आश्रय घेतला. सीमेलगत स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी उभारलेली शिबिरे होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरहून नळदुर्गच्या मार्गाने आत शिरले व १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर ही कुटुंबे परतली.

हा प्रसंग येथे सांगण्याचे प्रयोजन असे, की १९९३ मध्ये साठी ओलांडलेल्या सर्वांना तो आठवत होता. रात्री घर सोडणे म्हणजे काय, याची त्यांची कल्पना या अनुभवातून बनलेली होती. धाड येणार ही कुणकुण आधी लागते. बायका-मुलांना पुढे काढता येते. कोणत्या दिशेने जावयाचे हे ठाऊक असते. सीमेपलीकडे पोहोचले की सुटका होते. संकट टळले की परत यावयाचे, आणि घर लुटले गेले असले तरी भिंती व माळवद जागेवर असतात. थोडक्यात, घर हे या कथेत कधीच शत्रू नव्हते. माणूस घरापासून पळत नव्हता. तो घर सोडून दुसऱ्या कोणापासून पळत होता.

भूकंपाने हे सारे उलटे केले. जो आजवर आश्रय होता तोच मारक झाला. वर्दी व घटना यांत अंतर उरले नाही. दिशा उरली नाही, कारण संकट कोणत्याच दिशेने येत नव्हते. शतकानुशतकांच्या तयारीतील एकही साधन या संकटाला लागू पडणारे नव्हते.

५

तथापि महाराष्ट्राला या नव्या प्रकारच्या रात्रीची ओळख किल्लारीच्या २६ वर्षे आधी झालेली होती. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर येथे सहाहून अधिक परिमाणाचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे मृत्यू पावली व दोन हजारांच्या आसपास जखमी झाली. कोयनानगरमधील बहुतेक घरांची पडझड झाली. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले. तेथेही पूर्वसूचना होती. शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागल्यानंतर, म्हणजे १९६२ च्या सुमारापासून, लहान धक्के जाणवू लागले होते आणि १९६७ च्याच सप्टेंबरमध्ये एक बराच मोठा धक्का बसला होता. जलाशयामुळे उद्भवणाऱ्या भूकंपांचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणून कोयनेचे नाव जगभरच्या भूकंपशास्त्रात घेतले जाते.

कोयनेपासून शासनाने व शास्त्रज्ञांनी पुष्कळ शिकून घेतले, ही गोष्ट निर्विवाद आहे. धरण बळकट करण्यात आले, भूकंपमापन केंद्रे वाढली व देशाच्या भूकंपविभागांच्या नकाशात बदल झाला. परंतु या शिक्षणाला एक मर्यादा पडली. कोयनेचा भूकंप हा कोयनेचा विशेष मानला गेला. धरण आणि घाट यांच्याशी त्याचे नाते जोडले गेल्यामुळे उरलेले दख्खनचे पठार, विशेषतः त्याचा पूर्वेकडील सपाट भाग, स्थिर व निर्धोक असल्याची समजूत अधिकच दृढ झाली. १९९३ मध्ये प्रचलित असलेल्या नकाशात लातूर-उस्मानाबादचा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या, विभागात होता. दगडमातीच्या घरावर भूकंपाचा काय परिणाम होतो, हे कोयनानगरमध्ये दिसून आले होते. पण ते ज्ञान बालाघाटच्या पलीकडे माळवदाच्या घरात राहणाऱ्या कुटुंबापर्यंत पोहोचवण्याचे प्रयोजन कोणालाच वाटले नाही. नकाशाने ते अनावश्यक ठरवले होते.

६

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९९२ मध्ये घराबाहेर निजणारी माणसे १९९३ मध्ये आत का गेली?

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की या संकटाच्या बाबतीत ‘झटपट बाहेर पडण्याची तयारी’ या शब्दांना फारसा अर्थच नव्हता. जमीन हादरू लागल्यापासून भिंती कोसळेपर्यंत केवळ काही सेकंद होते. गाढ झोपेतून उठणे, अंधारात मुले उचलणे, माजघरातून चौकात, चौकातून दाराशी, अडसर काढून बोळात. आणि बोळात पोहोचल्यावर दोन्ही बाजूंच्या भिंती अंगावर येणार. दाराशी कंदील, काठी व गाठोडे तयार ठेवून काहीही साधले नसते. अशा घरात तयारीचा एकच प्रकार शक्य होता, तो म्हणजे झोपण्यापूर्वीच बाहेर असणे. म्हणजे प्रत्येक रात्र बाहेर काढणे.

१९९२ च्या शरद ऋतूत लोकांनी नेमके हेच केले. त्यांना गाफील म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट विसरता कामा नये. कोणत्याही पुस्तकाच्या वा अधिकाऱ्याच्या सांगण्यावाचून त्यांनी आपल्या घराच्या रचनेतून निघणारा एकमेव शहाणपणाचा निष्कर्ष काढला व तो अमलात आणला. पुनर्वसनाची मागणीही गावकऱ्यांनी केली. परंतु अशी तयारी किती दिवस चालू शकते? थंडी आली. त्यानंतर सुगीचे दिवस; धान्य घरात आलेले, घर सुने टाकून निजणे धोक्याचे. पुढे पावसाळा; उघड्यावर निजणे अशक्य, विंचू-सापाचे भय निराळेच. म्हातारी माणसे, बाळंतिणी, तान्ही मुले यांना घेऊन वर्षभर अंगणात राहणे कोणत्याही कुटुंबाला परवडणारे नव्हते. गावात अंगणेही सर्वांना नव्हती. दरम्यान धक्के विरळ झाले. मोठा भूकंप येईल की नाही हे सांगण्याचे सामर्थ्य शास्त्राकडे नव्हते, आजही नाही. नकाशा तर धोका नाही असेच सांगत होता.

अशा स्थितीत माणसे घरात परतली, यात विसराळूपणा कोठे आला? त्यांच्यापुढे दोन रात्री होत्या. एक, कदाचित येणारी भूकंपाची रात्र. दुसरी, रोज निश्चितपणे येणारी थंडीची, पावसाची, चोरीची रात्र. एका अनिश्चित भयासाठी दुसरे निश्चित कष्ट किती काळ सोसावयाचे, हा हिशेब कोणत्याही शहाण्या माणसाने वेगळ्या प्रकारे मांडला असता असे वाटत नाही. जो हिशेब त्यांच्या हाती नव्हता तो घराचा होता. छपरावरची माती उतरवून त्याचा भार कमी करणे, भिंतींना बांधून घेणारे पट्टे घालणे, भार खांबांवर घेणे या गोष्टी करण्यास ज्ञान, पैसा आणि वर्षभराची मुदत हवी होती. मुदत होती, एक वर्ष मिळाले होते. ज्ञान व पैसा यांनी त्या वर्षात किल्लारीची वाट धरली नाही.

या विवेचनाला पुष्टी देणारी आणखी एक गोष्ट आहे. भूकंपात कुडाच्या, गवताच्या वा पत्र्याच्या हलक्या छपराखाली राहणाऱ्या कुटुंबांतील प्राणहानी त्या मानाने कमी झाली. अशी घरे पुष्कळदा गावाच्या कडेला, गरिबांची व दलितांची होती. त्या कुटुंबांनी काही अधिक तयारी ठेवली होती असे नव्हे. ज्यांना शतकानुशतके जाड भिंतीचा व कुसवाचा आसरा नाकारला गेला त्यांच्या डोक्यावर त्या रात्री भार कमी होता, एवढाच याचा अर्थ. यावरून दारिद्र्याला संरक्षण समजणे अर्थातच विपरीत ठरेल. पावसाने, थंडीने व आगीने त्याच झोपड्यांचा बळी कितीदा घेतला आहे. परंतु कोण वाचतो व कोण दगावतो हे माणसाच्या दक्षतेवरून न ठरता घराच्या रचनेवरून ठरते, हे या घटनेने निःसंशयपणे दाखवले आहे.

७

भूकंपानंतर महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साह्याने हाती घेतलेल्या कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. त्याहून कितीतरी अधिक गावांत जुन्या घरांची दुरुस्ती व बळकटीकरण मालकांच्याच देखरेखीखाली झाले. नव्या गावांत रस्ते रुंद, घरे सुटी व एका पातळीवर आली. जुन्या गावाची दाटी गेली. तिच्याबरोबर शेजार, बोळ व चौकही गेले, आणि त्याबद्दलची हळहळ अनेक अभ्यासकांनी नोंदवली आहे. येथे आपल्या विषयाशी संबंधित असा एकच तपशील सांगतो. पक्के घर मिळूनही काही कुटुंबांनी शेजारी पत्र्याचे छप्पर घालून कित्येक वर्षे त्याखालीच निजणे पसंत केले. उन्हाळ्यात तापणारा व पावसात वाजणारा पत्रा त्यांना दगडाहून व काँक्रीटहून अधिक विश्वासाचा वाटला. १९९२ मधील अंगणातील अंथरुणाचेच हे स्थायी रूप होय. स्मृती लोकांनी जपली होती. तिला आता छप्पर मिळाले होते.

पुढे २००२ मध्ये भूकंपविभागांच्या नकाशाची फेररचना झाली. पहिला विभाग रद्द झाला व लातूरचा प्रदेश तिसऱ्या विभागात गेला. नकाशाची दुरुस्ती भूकंपानंतर ९ वर्षांनी झाली. नकाशा घटनेच्या मागून चालतो हा अनुभव केवळ भूकंपापुरता मर्यादित नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले व बेपत्ता असलेल्या ५७ जणांना पुढे मृत घोषित करण्यात आले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. गडाच्या चढणीवरच्या त्या वाडीला रात्री जागे करणारा कोणी नव्हता, गाडीरस्ता नव्हता व सुरक्षित म्हणून ठरवलेले ठिकाणही नव्हते. आधी सांगितलेल्या चार गोष्टींपैकी वर्दी, वाट व ठिकाण या तिन्हींचा येथे अभाव होता. उरलेली चौथी गोष्ट, म्हणजे जागे होणारे गाव, एकटी काय करणार?

८

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल. रात्रीच्या संकटात तातडीने घर सोडण्याची तयारी हा गुण दख्खनच्या ग्रामीण समाजात जुना व चांगला मुरलेला होता. पेव, वेस, राखण, गढी आणि कौल ही त्याची साधने होती. ही साधने माणसाकडून येणाऱ्या संकटासाठी घडवलेली होती व त्या संकटाने घराला जाड भिंती, अरुंद बोळ व एकच दार दिले. संकटाचे स्वरूप पालटले तेव्हा घर पालटले नाही. १९९२ मध्ये लोकांना हे उमगले होते. त्यांनी आपल्या परीने जी एक तयारी शक्य होती ती केली, आणि ती मानवी सहनशक्तीच्या पलीकडे गेली तेव्हाच सोडली.

म्हणून किल्लारीच्या मृतांना गाफील ठरवणे हा इतिहासाचा विपर्यास आहे. एखाद्या कुटुंबाने उशाशी कंदील ठेवावा, चपला दाराशी ठेवाव्या, कागदपत्रे एका पिशवीत ठेवावी हे उत्तमच. पण अशा तयारीला दार उघडेल असे घर, जाता येईल अशी वाट आणि कोणी तरी वेळेवर सांगेल असा भरवसा यांची जोड नसेल तर ती तयारी मनाचे समाधान यापलीकडे जात नाही. जुन्या काळी वेशीवरचा माणूस रात्रभर जागत असे व गाव त्याच्या भरवशावर निजत असे. वेशीबाहेर राहून इतरांना जागवणाऱ्या त्या माणसाचे आपण काय केले, हा प्रश्न एका परीने मागचा आहे. आज ते काम ज्यांच्याकडे आले आहे, नकाशा करणारे, यादी करणारे, घराचे नियम ठरवणारे, ते स्वतः रात्री सुरक्षित जागी निजतात. त्यांनी जागे राहावे, एवढीच अपेक्षा माळवदाखाली निजणाऱ्याने करावी, आणि ती त्याचा हक्क म्हणून करावी.